सिॲटल : जुनं छत जागेवर ठेवून खाली बांधलेलं आइस हॉकीचं अरिना

खडीसिमेंट

इमारत पाडायची आणि नवी बांधायची, नाहीतर आहे तिचीच डागडुजी करायची, हे दोन मार्ग बांधकामवाल्यांच्या रोजच्या ओळखीचे. सिॲटलच्या क्लायमेट प्लेज अरिनाच्या वेळी तिसराच मार्ग धरला. छत तेवढं ठेवायचं, त्याच्याखालचं जवळजवळ सगळं काढून टाकायचं, जमीन आणखी खोल खणायची आणि त्या खड्ड्यात नवीकोरी इमारत उभी करून तेच छत तिच्यावर टेकवायचं. छताचं वजन ४ कोटी ४० लाख पौंड, म्हणजे जवळपास २०,००० टन. मी स्ट्रक्चरच्या कामात आहे. स्टेडियमांच्या बांधकामाबद्दल जे काही वाचत आलो त्यात या कामाने मला सर्वात जास्त धरून ठेवलं, म्हणून हा धागा.

आधी थोडा इतिहास. १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी वास्तुविशारद पॉल थायरी यांनी ही इमारत उभारली. चार बाजूंना काँक्रीटचे भलेथोरले तिरके आधार आणि त्यांच्यावर हायपरबोलिक पॅराबोलॉइड पद्धतीचं, दोन्ही दिशांनी वळणारं छत. मध्ये एकही खांब नाही. प्रदर्शन संपल्यावर तिचं क्रीडागृह झालं आणि १९६७ पासून सुपरसॉनिक्स हा बास्केटबॉल संघ तिथे खेळू लागला. छत गळायचं. ५ जानेवारी १९८६ ला फिनिक्स सन्सबरोबरचा सामना कोर्टवर पाणी टपकू लागल्यामुळे थांबवावा लागला. पावसाने थांबलेला एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचा तो पहिला सामना.

१९९४-९५ मध्ये आतलं सगळं नव्याने बांधलं, मैदान रस्त्याच्या पातळीपासून ३५ फूट खाली नेलं आणि नाव पडलं कीअरिना. पण ही सगळी रचना बास्केटबॉलच्या मापाची होती. बास्केटबॉलचं कोर्ट ९४ बाय ५० फूट, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य आइस हॉकी लीगचं रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, २०० बाय ८५ फूट. हॉकीसाठी बर्फ केला की रिंक एका टोकाला सरकवावं लागे, तिकडच्या बऱ्याच खुर्च्यांवरून जवळचा गोल दिसतच नसे, आणि वरचा स्कोअरबोर्ड रिंकच्या मध्यावर येत नसे. तिथे खेळणारा ज्युनियर हॉकीचा थंडरबर्ड्स संघ शेवटी २००९ मध्ये केंट या उपनगरात नव्या अरिनात गेला. त्याच्या आदल्या वर्षीच सुपरसॉनिक्स ओक्लाहोमा सिटीला गेले होते.

तर प्रश्न असा होता : एनएचएलचा संघ हवा असेल तर हॉकीच्या मापाचं अरिना हवं, आणि जागा तर या छताखाली पुरत नाही. बाजूला वाढता येत नाही, वर जाता येत नाही. राहिली एकच दिशा, खाली.

परिघावर जमिनीत आधारभिंती उतरवल्या, छताभोवती तात्पुरते पोलादी खांब आणि चौकटी उभ्या केल्या, भार त्यांच्यावर घेतला, आणि मग जुन्या आधारांच्या बुडाखालची माती काढत काढत खाली गेले. सिॲटल भूकंपाच्या पट्ट्यात येतं, त्यामुळे नुसतं उभं वजन पेलून भागत नव्हतं. काम चालू असताना धक्का बसला तर छत आडवं सरकू नये, यासाठी वेगळा तिरका आधार द्यावा लागला. मैदान आता रस्त्यापासून पन्नास फुटांहून खोल आहे आणि एकूण बांधकामाचं क्षेत्रफळ पूर्वीच्या सुमारे दुप्पट झालं आहे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र १९६२ चीच छाया दिसते.

५ डिसेंबर २०१८ ला काम सुरू झालं, आणि २३ ऑक्टोबर २०२१ ला सिॲटल क्रॅकन या नव्या एनएचएल संघाने व्हँकुव्हर कनक्सविरुद्ध इथला पहिला घरचा सामना खेळला. स्ट्रक्चरबद्दल विचारा, जमेल तेवढं सांगतो. बर्फाच्या बाजूबद्दल जाणकारांनी लिहावं ही विनंती.

रानवाटा

लेख फार आवडला. एक बाळबोध प्रश्न. एवढा खटाटोप करण्यापेक्षा शहराबाहेर मोकळ्या जागेत नवं अरिना का नाही बांधलं? खर्चही वाचला असता आणि बर्फाला हवी तशी मापंही मिळाली असती.

खडीसिमेंट

@रानवाटा, प्रश्न बाळबोध नाही, सिॲटलकर यावर वर्षानुवर्षं भांडले. शहराच्या दक्षिणेला सोडो भागात नवं अरिना बांधायचा प्रस्ताव होता. त्यासाठी ऑक्सिडेंटल ॲव्हेन्यूचा एक तुकडा रस्ता म्हणून रद्द करावा लागणार होता. मे २०१६ मध्ये नगर परिषदेने तो प्रस्ताव ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळला. बंदराकडे जाणाऱ्या मालवाहतुकीची काळजी हे विरोधाचं एक मोठं कारण होतं. त्यानंतर शहराने स्वतःच्या मालकीच्या कीअरिनासाठी प्रस्ताव मागवले आणि ओक व्ह्यू ग्रुप या अरिना उभारणाऱ्या खाजगी कंपनीबरोबर करार केला. २०१७ मध्ये इमारतीला वारसा दर्जा मिळाला, म्हणजे छत आणि बाहेरचं रूप राखणं ही अटच झाली.

मला स्वतःला हा निर्णय योग्य वाटतो. जुनं छत सुंदर आहे हे कारण आहेच. पण त्याहून मोठं कारण म्हणजे अरिना शहराच्या मध्यावर राहिलं. शहराबाहेरचं अरिना सामना नसलेल्या दिवशी गाड्यांच्या पार्किंगमधलं बेट होऊन बसतं.

शीतयंत्री

खडीसिमेंट यांनी विनंती केली आहे, तर बर्फाखाली काय असतं ते लिहितो. माझा पेशा औद्योगिक रेफ्रिजरेशनचा. बहुतेक लोक अरिना म्हणजे छत आणि खुर्च्या समजतात. आमच्या दृष्टीने अरिना म्हणजे फरशी, बाकीचं तिच्याभोवती बांधलेलं.

खालून वर जाऊ. सगळ्यात तळाशी दाबून बसवलेली खडी आणि वाळू, आणि तिच्यात गरम द्रव फिरवणारे पाइप. होय, गरम. वर्षातले कित्येक महिने वरची फरशी शून्याखाली राहिली तर थंडी हळूहळू जमिनीत उतरते, मातीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि काँक्रीट वर उचलतं. एकदा फरशी अशी वाकली की बर्फ एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, आणि दुरुस्ती म्हणजे सगळं फोडणं. म्हणून तळाला थोडी ऊब द्यायची. ही ऊब बहुधा यंत्रांतूनच बाहेर पडणाऱ्या उष्णतेतून घेतात. त्याच्यावर जाड फोमचं इन्सुलेशन, मग बाष्परोधक थर, मग सळ्या आणि शीतद्रवाचे पाइप, आणि या सगळ्यावर पाच-सहा इंच काँक्रीट.

पाइप साधारण इंचभर व्यासाचे, तीन-चार इंचांच्या अंतराने. चार इंच धरले तरी ८५ फूट रुंदीत २५५ ओळी बसतात. प्रत्येक ओळ २०० फूट म्हटलं तर एका रिंकखाली पंधरा किलोमीटरहून जास्त पाइप जातो. आणि यातला एकही सांधा नंतर हाताला लागणार नाही.

काँक्रीट ओतायचा दिवस हा या कामातला सगळ्यात ताणाचा दिवस. स्लॅब एका दमात ओततात, मध्ये जोड नको म्हणून. पाइपांमध्ये आधीच दाब भरून ठेवलेला असतो आणि हेडरवर, म्हणजे सगळे पाइप जिथे जोडतात त्या मुख्य नळीवर, दाब दाखवणारं गेज लावलेलं असतं. ओतकाम चालू असेपर्यंत एक माणूस फक्त त्या गेजसमोर उभा राहतो, दुसरं कामच नाही त्याला. कुणाचा फावडा लागला, व्हायब्रेटरने पाइप चेपला, की काटा खाली येतो. काँक्रीट ओलं आहे तोवरच ती जागा शोधून उकरायची आणि पाइप जोडायचा. काटा हललाच नाही तर संध्याकाळी सगळे मोकळा श्वास घेतात.

पुढे काँक्रीट पुरतं पिकू द्यायचं, सुमारे २८ दिवस, आणि त्यानंतर तापमान रोज थोडं थोडं करून खाली आणायचं. घाई केली की तडे.

बर्फ एकदम पाणी ओतून करत नाहीत. आधी बारीक फवारा, तो गोठला की पांढरा रंग, त्यावर परत फवारा, मग रेषा आणि चिन्हं, आणि त्यांच्यावर पातळ पातळ थर देत सव्वा इंचाच्या आसपास जाडी आणतात. जास्त जाड बर्फ म्हणजे जास्त चांगला बर्फ असं नाही. बर्फ स्वतः उष्णता अडवतो, त्यामुळे जाडी वाढली की पृष्ठभाग थंड ठेवायला यंत्रांना जास्त राबावं लागतं. पृष्ठभाग साधारण उणे ५ अंश, खालचं शीतद्रव उणे ९ च्या आसपास, आणि वर हजारो माणसं अंगातली उष्णता आणि श्वासातली वाफ सोडत बसलेली. तीन कालखंडांचा सामना संपेपर्यंत बर्फ कडक ठेवायचा तर हवा कोरडी ठेवणं हे गारठवण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे.

मुक्ताई

शीतयंत्री, किती छान उलगडून सांगितलंत! त्या गेजवाल्या माणसाचं वाचताना मीच श्वास रोखून धरला होता.

या अरिनात पावसाचं पाणी बर्फासाठी वापरतात असं ऐकलं आहे, ते खरं का? आणि खरं असेल तर पुरतं का?

शीतयंत्री

खरं आहे. छतावरचं पाणी १५,००० गॅलनच्या टाकीत साठवतात, म्हणजे सुमारे ५७,००० लिटर. आता हिशेब करा. रिंक ६१ बाय २६ मीटर, बर्फाची जाडी ३ सेंटिमीटर. गुणाकार केला तर ४७-४८ घनमीटर, म्हणजे ४७-४८ हजार लिटर. टाकी एकदा भरली की अख्ख्या रिंकच्या बर्फाएवढं पाणी हाती असतं. सामन्यादरम्यान बर्फ गुळगुळीत करणारी गाडी प्रत्येक फेरीला पाणी पसरते, त्या रोजच्या वापराला हा साठा कामी येतो. तिथल्या गाड्याही विजेवर चालतात.

पावसाच्या पाण्याचा आणखी एक गुण म्हणजे त्यात क्षार फार कमी. क्षार जास्त असतील तर बर्फ धुरकट आणि मऊ होतो. बऱ्याच अरिनांना त्यासाठी पाणी शुद्ध करून घ्यावं लागतं.

आडवीतुळई

उत्तम धागा. खडीसिमेंट यांच्या छताच्या कौतुकात माझाही आवाज मिळवते, पण हॉकीच्या छतांचा दुसरा इतिहासही इथे नोंदवला पाहिजे.

१८ जानेवारी १९७८, अमेरिकेतलं हार्टफर्ड. आदल्या संध्याकाळी सिव्हिक सेंटरमध्ये बास्केटबॉलचा सामना झाला होता, सुमारे ५,००० लोक होते. पहाटे, बर्फवृष्टीनंतर, स्पेस फ्रेमचं, म्हणजे पोलादी दांड्यांच्या जाळीचं, अख्खं छत खाली आलं. आत कुणी नव्हतं म्हणून जीव वाचले. इमारत १९७५ ची, जेमतेम तीन वर्षांची. तपासात दिसलं की वरच्या पट्ट्यातल्या दांड्यांना गणितात जेवढा आधार गृहीत धरला होता तेवढा प्रत्यक्षात मिळत नव्हता. दांड्या दाबाखाली वाकल्या. संगणकावर केलेल्या हिशेबावर तेव्हा फार विश्वास टाकला गेला. तिथल्या व्हेलर्स या हॉकी संघाला दोन वर्षं स्प्रिंगफील्डला जाऊन खेळावं लागलं.

दुसरी घटना जास्त क्लेशाची. २ जानेवारी २००६, जर्मनीतलं बाड रायखेनहाल. सुट्टीचे दिवस, रिंकवर मुलं स्केटिंग करत होती. लाकडी छत कोसळलं आणि १५ जण गेले, बहुतेक मुलं आणि किशोरवयीन. छतावर बर्फाचा भार होता हे खरं, पण मूळ दुखणं आतलं होतं. पोकळ लाकडी तुळया ज्या गोंदाने चिकटवल्या होत्या तो ओलाव्यात टिकणारा नव्हता. रिंकच्या छताला ओलावा कायमचा असतो, कारण खालचा बर्फ छतातली उष्णता खेचून घेतो, छताचा आतला भाग भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो आणि त्यावर दव धरतं. तीस-एक वर्षं ते दव सांध्यांत मुरत राहिलं.

आइस रिंक बांधणाऱ्या प्रत्येकाने हे दुसरं प्रकरण वाचलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. छताला आतून चकचकीत, उष्णता कमी सोडणारं आवरण लावतात ते विजेच्या बिलासाठी असं सांगितलं जातं. ते छताच्या तब्येतीसाठीही आहे.

खडीसिमेंट

@आडवीतुळई, हा प्रतिसाद धाग्यात वर असायला हवा होता. सिॲटलच्या छताला निदान एक गोष्ट अनुकूल होती, तिथे बर्फवृष्टी तुलनेने कमी. पण १९६२ च्या छतावर आजच्या कार्यक्रमांचं ओझं आलं. गाण्याच्या कार्यक्रमांत दिवे, ध्वनियंत्रणा, पडदे सगळं छताला टांगतात. स्कोअरबोर्डचा पेचही तसाच होता. बाकी अरिनांत तो मध्यावर एकच टांगलेला असतो, इथे दोन टोकांना दोन आहेत. मधली जागा मोकळी राहिली, त्यामुळे वर मान केली की छताचं वळण दिसतं.

दक्षिणपेठ

विरोधी बाजू मांडतो, रागावू नका.

सुरुवातीला या कामाचा अंदाज ६० कोटी डॉलरच्या आसपास होता. झाले सुमारे ११५ कोटी. पैसा खाजगी होता हे मान्य, इमारत शहराच्या मालकीची राहिली हेही मान्य. तरी एवढा पैसा कुठून तरी वसूल होणारच, आणि तो तिकिटांतून आणि खाण्यापिण्यातून होतो. हॉकी हा खेळ आधीच महाग आहे. साहित्य महाग, रिंकचा तास महाग. प्रेक्षागृहही एवढं महाग झालं तर साध्या घरातलं मूल हा खेळ बघणार कसं?

दुसरं, पर्यावरणाचं. जुनं छत वाचवून कार्बन वाचवला म्हणतात. त्याच्या जोडीला पन्नास फुटांचा खड्डा आणि त्यात ओतलेलं नवं काँक्रीट, तेही हिशेबात धरायला हवं. इमारतीला हवामानाच्या वचनाचं नाव दिलं आहे म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत असं होऊ नये. कॅनडातल्या कॅलगरीत बघा. तिथलं १९८३ चं सॅडलडोम अरिना छतासाठीच प्रसिद्ध आहे, पण त्याच छतामुळे जड कार्यक्रम टांगता येत नाहीत, म्हणून शेजारी नवं अरिना बांधायला घेतलं आहे आणि जुनं पाडणार आहेत. त्यांनी जुन्याचा मोह सोडला.

खडीसिमेंट

रागावण्यासारखं काहीच नाही, दोन्ही मुद्दे रास्त आहेत.

खर्च वाढला त्याचं एक कारण या पद्धतीतच आहे. छताखाली खणायचं म्हणजे उंच क्रेन फिरवता येत नाही, मोठी यंत्रं मर्यादित वाटांनीच आत येतात, आणि तात्पुरत्या आधारावर जे पोलाद घालता ते शेवटी काढूनच टाकायचं असतं. आरामदायी खुर्च्या आणि खास कक्षांची हौस वेगळी, तिचं समर्थन मी करत नाही.

काँक्रीटबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, कार्बनच्या हिशेबात ते मोजलंच पाहिजे. पण तुलना कशाशी करायची? सोडोला बांधलं असतं तर खड्डा, काँक्रीट, खुर्च्या सगळं लागलंच असतं, शिवाय छतही नवं लागलं असतं. आणि हे अरिना चालवताना नैसर्गिक वायू जाळत नाहीत, सगळं विजेवर आहे. एवढ्या मोठ्या बर्फाच्या इमारतीत गरम पाणी आणि हवा कोरडी करणं यासाठी सहसा वायूच जाळतात, त्यामुळे हा बदल मला खरोखर मोलाचा वाटतो.

मोनोरेलने

मी सिॲटलमध्ये राहते, कामाच्या दिवसांत तिथून जाणं-येणं असायचं. खेळाडूंच्या बाकामागे कसं दिसतं वगैरे बरेच लोक लिहितात, मला आत शिरतानाचा भाग सांगायचा आहे. तुम्ही रस्त्याच्या पातळीवरून आत येता आणि समोर चढण नसते, उतार असतो. जुन्या काचेच्या भिंती डोक्याच्या पातळीवर, त्यांच्यातून बाहेरची झाडं दिसतात, आणि पायाखाली सगळं वाडगं खोल गेलेलं. वरच्या रांगेत बसलं तरी बर्फ लांब वाटत नाही, कारण खुर्च्यांची चढण हॉकीच्या हिशेबाने उभी आहे. रिंकच्या कडेच्या जवळच्या फळीला चिकटलेली पकही (खेळातली रबराची चकती) दिसते. हॉकीसाठी क्षमता १७,१५१ आहे. मूल घेऊन गेलात तर दोन्ही गोलांच्या मागची जाळी दाखवा त्याला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबस शहरात सामना बघताना पक लागून एक तेरा वर्षांची मुलगी गेली, तेव्हापासून एनएचएलने सगळीकडे ती सक्तीची केली.

@दक्षिणपेठ, तिकिटं महाग आहेत हे खरंच. पण अरिना सुरू झालं तेव्हा सामन्याच्या तिकिटावर सार्वजनिक वाहतूक फुकट होती, आणि मोनोरेल चालत जाण्याइतकं जवळ सोडते. तीही १९६२ च्याच प्रदर्शनासाठी बांधलेली. आणि मुलांनी खेळावं असं वाटत असेल तर नॉर्थगेटचं क्रॅकनचं सराव केंद्र बघा, तीन रिंक आहेत, लोकांसाठी खुली. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातलं सर्वात उपयोगी बांधकाम तेच. मोठ्या अरिनात आपण बसतो, तिथे मुलं पडतात आणि उठतात.

शीतयंत्री

मोनोरेलने, सराव रिंकांबद्दल +१. आणि म्हणूनच एक गंभीर मुद्दा इथे लिहून ठेवतो. मोठ्या अरिनांवर सगळ्यांचं लक्ष असतं, गावोगावच्या जुन्या रिंकांवर नसतं. १७ ऑक्टोबर २०१७ ला कॅनडातल्या फर्नीमध्ये गावच्या रिंकच्या यंत्रखोलीत अमोनियाची गळती होऊन तीन माणसं गेली. चिलरची, म्हणजे शीतद्रव गार करणाऱ्या यंत्राची, नळी झिजून अमोनिया शीतद्रवात उतरला होता, आणि गळती असल्याची लक्षणं आधी दिसली होती. अमोनिया हे शीतक म्हणून फार चांगलं आहे, कार्यक्षम आहे, ओझोनला धोका नाही. पण यंत्रखोलीला स्वतंत्र वायुवीजन, गळती ओळखणारे सेन्सर, आणि जुना चिलर वेळेवर बदलण्यासाठी बाजूला ठेवलेला पैसा, या तिन्हींशिवाय तो वापरूच नये. नवीन रिंक बांधणाऱ्या समित्या फीत कापण्यापर्यंतचा पैसा जमवतात. विसाव्या वर्षी चिलर बदलायचा पैसा कुठून येणार, हे पहिल्याच बैठकीत विचारा.

आडवीतुळई

हे शेवटचं वाक्य प्रत्येक समितीच्या भिंतीवर लावावं.

रानवाटा

किती शिकायला मिळालं! हॉकी सिॲटलला नवीन होती का हो? इतकी वर्षं संघ नव्हता तरी लोकांनी एवढा प्रतिसाद दिला?

मोनोरेलने

नवीन अजिबात नाही. १९१५ मध्ये शहराच्या मध्यवर्ती भागात सिॲटल आइस अरिना बांधलं होतं, आणि तिथे खेळणाऱ्या मेट्रोपॉलिटन्स संघाने १९१७ मध्ये स्टॅनली कप हा आइस हॉकीचा सर्वात मानाचा करंडक जिंकला. अमेरिकेतल्या संघाने तो जिंकण्याची ती पहिलीच वेळ. १९१९ ची अंतिम मालिका इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे अर्ध्यावर सोडावी लागली. पुढे संघ बंद पडला आणि त्या इमारतीचं पार्किंग झालं. १ मार्च २०१८ ला नव्या संघाच्या हंगामी तिकिटांसाठी अनामत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या १२ मिनिटांत १०,००० जणांनी पैसे भरले. संघ मिळायचा होता, नावही ठरलं नव्हतं.

दक्षिणपेठ

हे माहीत नव्हतं. खर्चाबद्दलचं माझं मत कायम आहे, पण पार्किंग झालेल्या पहिल्या अरिनाबद्दल वाचून दुसऱ्याचं छत राखण्यामागची ओढ समजली.

खडीसिमेंट, १९९४ च्या ऑलिंपिकसाठी नॉर्वेत डोंगर पोखरून हॉकीचं अरिना केलं होतं ना? त्यात छताचं काय केलं?

खडीसिमेंट

यॉव्हिक. छत म्हणजे डोंगराचा खडकच, ६१ मीटर रुंदीचा, मध्ये खांब नाही. खडकात बोल्ट ठोकून आणि वर काँक्रीटचा फवारा मारून तो पेलला आहे. तिथल्या खडकातला नैसर्गिक आडवा दाब इतका होता की कमान स्वतःच आवळून धरली गेली. त्यावर दोन ओळींत लिहिणं अन्याय होईल. आकृत्या जमवतो आहे, वेगळा धागा काढतो. शीतयंत्री, खडकाच्या आत वर्षभर तापमान जवळजवळ सारखंच असतं. अशा ठिकाणी बर्फ राखायला किती फरक पडतो, ते तुम्ही त्या धाग्यावर लिहाल का?